तिसरी रांग, उजवी बाजू

नोल्बेर्तोला एप्रिलात सुट्टी मिळाली,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा सलग तीन दिवस.
मी टेबलावर नकाशा पसरला,
कोपऱ्यांवर साखरेचा डबा, कॉफीचा मग,
त्याचा चष्मा, आणि माझं कोपर.
पुएर्तो नातालेसमध्ये वारा घरातही बसायला येतो.
म्हटलं, बोल. काय काय बघायचं?

तो गप्प.
ज्याच्या बसमधून अर्धं जग उद्यानात जाऊन आलं,
कुठल्या वळणावर लोक एकदम उजवीकडे झुकतात
आणि आ करतात
हे ज्याला झोपेतही सांगता येईल,
त्यानं त्या वळणावर कधी मान वळवली नाही.
वळण असतं ना ते, म्हणाला.

उद्यान मलाही माहीत आहे तसं,
चादरींवरून.
हॉस्टेलात अकरा खोल्या माझ्याकडे.
बारीक राखाडी चिखल म्हणजे हिमनदीची बाजू,
मोज्यांत काटेरी बिया म्हणजे माळरान,
आणि गादीला घडीसुद्धा पडलेली नसली
तर माणूस रात्री दोनलाच उठून मनोऱ्यांकडे गेला.
उगवतीला तिथले कडे लाल होतात म्हणे.
लाल म्हणजे किती लाल?
कुणी सांगत नाही. सगळे फोन पुढे करतात.

मनोरे नकोत, तो म्हणाला, गुडघा.
ग्रे सरोवरातली बोट नको,
दोघांच्या तिकिटात येसेनियाचे हिवाळी बूट येतात.
मग धबधबा?
तिथं तो शेकडो वेळा गेलाय.
कसा आहे?
आवाज मोठा आहे.

तिथं चाळीस मिनिटांचा थांबा असतो.
तेवढ्यात तो टायर बघतो, पुढची काच पुसतो
आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून
बावीस मिनिटं झोपतो.
बावीसच.
मी पेन्सिलनं धबधब्याभोवती गोल काढला.

मला खरं तर पुमा बघायचा होता.
तो म्हणाला, मी पाहिलाय. दोनदा.
परतीला, दिव्यांच्या उजेडात,
रस्ता ओलांडून गेला, घाई नव्हती त्याला.
मागे सगळी बस झोपलेली.
उठवलं नाहीस कुणाला?
दमले होते बिचारे.
आणि मला? मला का नाही सांगितलंस?
यावर त्यानं साखरेचा डबा उचलला
आणि नकाशाचा तो कोपरा गुंडाळून आमच्याकडे आला.

ठरलं ते एवढंच:
ओयार्सोच्या बसनं जायचं,
तिसरी रांग, उजवी बाजू,
खिडकी त्याची.

गावाबाहेर पडेपर्यंत तो उजवा पाय दाबत होता,
नसलेल्या ब्रेकवर.
ओयार्सो आरशातून हसला.
मी त्याच्या मांडीवर हात ठेवला,
जसा येसेनियाच्या तापात ठेवायची.

वळण आलं.
सगळे झुकले. मी नाही,
मी त्याच्याकडे बघत होते.
त्यानं आ केला नाही.
काचेवर बोट टेकवून म्हणाला,
इथं रस्त्याला बाहेरचा उतार जास्त आहे.
मग बराच वेळ काही नाही.
बोट तिथंच.

धबधब्याची पायवाट बंद होती.
एक रक्षक मुलगी दोरी ताणून उभी,
टोपी दातांत धरलेली,
हातानंच सांगत होती, वारा, वारा.
मग आम्ही बसच्या आडोशाला पाव आणि चीज खाल्लं.
तीन ग्वानाको आले, आमच्याकडे बघितलं,
आमच्यात बघण्यासारखं काही नसावं.

तो झोपला नाही.
बावीस मिनिटं गेली, तीसही गेली.
टेकडीपलीकडून पाणी ऐकू येत होतं,
पायांखालच्या खडीतून वर चढत होतं.
मी म्हटलं, मोठा आहे.
तो म्हणाला, सांगितलं होतं.