जोडपत्र क

राजमणी येलदी टॉवेल घेऊन आली
आणि म्हणाली, याची झेरॉक्स काढ. सहा.

अशोक चौकात माझं दुकान. इथं आधार येतं,
रेशनकार्ड येतं, मृत्यूचा दाखला येतो.
कपडा कधी आला नव्हता.
काचेवर अंथरला, झाकण बसेना,
तिनेच वरून दाबून धरलं
कांड्या भरून भरून चपट्या झालेल्या अंगठ्यांनी.
हिरवट उजेड टॉवेलाखालून सरकत गेला.

कागदावर आल्या तीन आडव्या रेघा.

ही मंगळवारची, म्हणाली, दुपारी सव्वादोन.
ही त्याच दिवशी, चार वाजायच्या आत.
ही गुरुवारची रात्रपाळी, हिच्यात नऊ धागे तुटले.
वीज गेली की माग जागीच थांबतो,
धोटा अर्ध्या वाटेत.
परत आली तरी पहिला ठोका घट्ट बसत नाही,
तिथं पट्टी पडते.
व्यापाऱ्याच्या डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळते.
डझनामागं चाळीस कापतो.

कंपनीचा दरवाढीचा प्रस्ताव सहाशे बारा पानांचा.
तोही माझ्याकडंच छापायला आला, पानाला दीड रुपया.
तिने चारच पानं घेतली होती.
त्यातल्या एका तक्त्यात आमच्या पेठेचा पुरवठा
अठ्ठ्याण्णव पूर्णांक काहीतरी टक्के अखंड,
आणि खाली, मुंगीएवढ्या अक्षरात: क्षणिक खंड वगळून.

क्षणिक म्हणजे किती रे?
पाच मिनिटांच्या आतलं, अव्वा.
ती काही बोलली नाही. टॉवेलाची घडी घातली,
परत उलगडली, परत घातली.

जनसुनावणी एप्रिलात. बाहेर बेचाळीस,
आत सभागृहात लोकांना थंडी वाजत होती.
प्रत्येकी तीन मिनिटं.
एमआयडीसीवाले पॉवर फॅक्टरवर बोलले,
एक निवृत्त मास्तर कलमांसकट बोलले,
एक जण नुसता ओरडला,
त्यालाही पुरी तीन मिनिटं मिळाली.

अनुक्रमांक सत्तेचाळीस.
मागाच्या खडखडाटात तीस वर्षं बोललेली बाई,
तिला माइक कशाला.
पट्टी म्हणजे काय हे सांगण्यातच दीड मिनिट गेलं,
निम्मं तेलुगूत.
मग म्हणाली, चूडंडी साहेब,
माझ्या मालात खोट निघाली की माझा दर उतरतो.
तुमच्या मालात खोट आहे, आणि तुम्ही वाढवून मागताय.
हा हिशेब कुठल्या बाजारातला, तेवढं सांगा.

अध्यक्षांनी टॉवेल मागवून घेतला.
चष्मा काढून ठेवला आणि बोट फिरवलं, सावकाश.
दोन सापडल्या.
तिसरी उलट्या बाजूनं लागते, ती म्हणाली.
तेवढ्यात घंटी वाजली.

निकाल गणपतीनंतर लागला.
दर वाढला. मागितला होता तेवढा नाही,
पण वाढला.
हरकतदारांच्या यादीत: श्रीमती राजमनी येल्डी.
आणि तीनशे चौसष्टाव्या पानावर अडीच ओळी:
जोडपत्र क पाहिले. क्षणिक खंडांचीही
फीडरनिहाय नोंद ठेवावी. अहवाल सहा महिन्यांत.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.
मला वाटलं, खूश होईल.
ती म्हणाली, नाव चुकलंय.
आणि तो टॉवेल ठेवूनच घेतला की त्यांनी.

मग नाव-दुरुस्तीचा अर्ज लिहिला.
खाली एक ओळ तिने वाढवायला लावली:
सहा महिने कोणत्या तारखेपासून मोजायचे,
ते कळवावे.
सहा प्रती.

पाचव्या प्रतीला वीज गेली.
मशीन गुरगुरून गप्प झालं,
अर्धा कागद बाहेर, अर्धा आत.
समोरच्या बोळातले मागही एकदम थांबले,
आणि कधी नव्हे ते चौकातल्या
चहावाल्याचं ग्लास विसळणं ऐकू आलं.

मी कागद ओढून काढला, चुरगळणार,
तर ती म्हणाली,
टाकू नको.
त्याच्यावर वेळ लिही.