उघाडी

आमच्या खारबांधाला एक उघाडी आहे.
सागाची झडप, गंजक्या बिजागऱ्या.
ओहोटीला आपसूक उघडते, मळ्यातलं गोडं पाणी खाडीत सोडते.
भरतीला खाडीच तिला दाबून धरते, बंद.
कुणी उभं राहावं लागत नाही.
तीस वर्षं मी फक्त तिच्यात अडकलेलं काढत आलो:
नारळाची सोडणं, तिवराच्या मुळ्या,
एकदा कुणाचीशी डाव्या पायाची चप्पल.

म्हणून तिरोडकर डॉक्टरीणबाईंनी कागदावर अन्ननळी काढली,
खाली एक आडवी रेघ मारली,
म्हणाल्या, काका, ही झडप सैल झालीय,
तेव्हा मी म्हटलं, पुढचं नका सांगू.
खारं पाणी रात्रीचं कसं येतं, मला माहीत आहे.
आवाज करत नाही.
सकाळी भाताची पात टोकाला पिवळी दिसते
तेव्हा कळतं.

गोळी चौदा दिवसांची होती.
मालवणात लिहून दिलेली, पुतण्याच्या लग्नातल्या जेवणानंतर.
पंधराव्या दिवशी सोडली.
सतराव्या दिवशी छातीत कुणी काजूच्या बिया भाजायला बसलं.
मग बांदिवडेकराच्या मेडिकलात चिठ्ठी लागेनाशी झाली,
मी सायकल टेकवायच्या आत त्याचा पोरगा पट्टी काढून ठेवायचा.
त्या पोराचं लग्न झालं. मुलगी झाली.
ती आता दुसरीत आहे.

अकरा वर्षं.
उपाशीपोटी, पेजेच्या आधी अर्धा तास.
देवाचं फूल चुकलं असेल, ही नाही.

आणि खोटं कशाला बोलू, सुखाची गेली.
तिरफळं घातलेला बांगडा, रात्री दहाला, वर सोलकढी.
उताणा झोपायचो
आणि खाडी खाडीत राहायची.

गेल्या माघात घसरलो.
बांधावरून नव्हे, बांधाच्या शेवटच्या पायरीवरून,
इतक्या कमी उंचीवरून की मंदा आधी हसली.
मनगट मात्र शेवग्याच्या फांदीसारखं गेलं.
प्लास्टर घालून झाल्यावर बाईंनी विचारलं,
तळपाय बधिर होतात? पोटऱ्यांत गोळे?
रोजची गोळी कुठली?
कधीपासून?
आणि पेन खाली ठेवलं.

रक्तात बी-बारा तळाला. मॅग्नेशियमही.
मूत्रपिंडावर लक्ष ठेवू, म्हणाल्या.
हाडांचं या गोळीनंच झालं, असं छातीठोक सांगता येत नाही,
वय आहे, बाकीही असतं.
छातीठोक!
मला हसू आलं, त्यांना कळेना का.
काहींना ती जन्मभर लागते, त्यांनी घ्यावी,
तुमची कमी करून बघू.
पण एकदम तोडू नका. उसळेल.

हे पटलं.
पाणी अडवून ठेवलं की ते विसरत नाही.

आता एक दिवसाआड.
पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली दोन चिरे घातलेत.
मंदा म्हणते, होडीत निजल्यासारखं वाटतं,
सकाळी ती पायथ्याशी सापडते.
मला डाव्या कुशीवर झोपायचं,
म्हणून चाळीस वर्षांनी आम्ही जागा बदलल्या,
तोंड तिच्याकडे राहावं एवढ्यासाठी.
सातला पेज, तेव्हा आचऱ्याच्या बंदरावर उजेड असतो,
पोरं क्रिकेट खेळत असतात.
आमसुलानं पित्त शमतं, अख्खं गाव सांगतं.
माझं नाही शमत.
गावाला कोण सांगणार.

काल अडीचला घशाशी आलं.
उठून बसलो. बाहेर उधाण.
लांबवर झडप चौकटीवर आपटली, थांबली,
पुन्हा आपटली.
डब्याकडे बघितलं. आज गोळीचा दिवस नव्हता.
मंदानं तांब्या पुढे केला, एकच घोट.
किती वाजले, मी विचारलं.
"सुकती लागतली आता," ती म्हणाली, आणि झोपली.

मी बसून राहिलो.
अशी दोनदा आपटत नाही ती.
सकाळी जाऊन बघायला हवं,
काय अडकलंय.