लाईट गेल्यावर

त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत
रात्री पावणेदहाला लाईट जायची.
खालच्या खोलीतले दोन्ही लूम एकदम थांबायचे
आणि एवढी शांतता व्हायची
की शेजारच्या पाळण्यातलं पोर दचकून उठायचं.

नायना अंधारात तसेच बसून राहायचे,
बीमवर हात, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा,
समोर अर्ध्यावर अडकलेला टॉवेल.
आज किती बुडाले ते बोटांवर मोजायचे, तेलुगूत.
आमच्या घरात नुकसान तेलुगूत मोजतात,
शाळा मराठीत झाली,
आणि आता जे शिकत होते ते सगळं इंग्रजीत.

मी तोवर गच्चीवर.
वही, घड्याळ, टॉर्चच्या काचेला
बिडीच्या बंडलाचा लाल कागद.
लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत,
हत्तुरे मॅडमनी पहिल्याच तासाला सांगितलेलं.

केगावला एम. एस्सी.ला आम्ही सात जण,
खगोलभौतिकी घेतलेले तिघं.
दुर्बीण एकच, तीही आरशाला बुरशी लागून
दुरुस्तीला पुण्याला गेलेली.
इरण्णा शिपाई रिकाम्या स्टँडची धूळ रोज पुसायचा,
"आली की जागा तयार पायजे की."
मॅडम म्हणाल्या, डोळे आहेत ना? अल्गोल घ्या.
ययातीतला. दोन दिवस, वीस तास, एकोणपन्नास मिनिटांनी
तो मंदावतो,
कारण त्याचाच जोडीदार त्याच्या आड येतो,
जो आपल्याला कधीच वेगळा दिसत नाही.

लाईट असताना आमच्या गच्चीवरून
अकरा तारे मोजलेत मी.
लाईट गेली की मोजणं सोडून द्यावं लागे.

चुक्क म्हणजे तारा. चुक्क म्हणजे थेंबही,
आई उंबऱ्यापुढे पिठाने घालते तो ठिपकाही.
पानं कातरता कातरता ती विचारायची,
"तुझी चुक्क कशी आहे आज?"
मंद आहे म्हटलं तर म्हणायची, "काढा दे."
ढगामुळे खोडलेल्या नोंदींना ती छाट म्हणायची.
हजारातल्या पन्नास बिड्या कारखान्यात छाटीत निघाल्या
की दिवसभर बोलायची नाही.
माझ्या छाटीवर मात्र हसली.

मग तो गुरुवार.
गणित सांगत होतं, सव्वादहाला तारा तळाला.
पेपर सांगत होता, गुरुवारी भारनियमन नाही.
नायना खूश. लग्नाची ऑर्डर, नवीन बीम चढवलेला,
खाली धोटा नुसता पळत होता.
मी गच्चीवर. समोर कारखान्याचा पिवळा दिवा.
मी सहसा कुणाकडे काही मागत नाही.
त्या रात्री मागितलं.

दहा वाजून दोन मिनिटांनी चौकातली डीपी उडाली.

आधी काही वेळ मला वर बघताच आलं नाही.

मग जिन्यावर पावलं. नायना
पहिल्यांदाच वर आले होते.
अंगावर कापसाची पिंज, कानांत अजून लूम,
म्हणून मोठ्याने विचारलं, "कुठली?"
मी उत्तरेकडे बोट केलं.
बाराशे धाग्यांतला तुटका एक
काडीच्या उजेडात शोधणारे डोळे ते.
बराच वेळ पाहिलं. म्हणाले,
"त्या बारक्या शेजारणीपेक्षा केसभर जास्त.
परवा जास्त होती ना? परवा
मी खालून पाहिलेली."
माझा आकडा आणि त्यांचा केस
एकाच ठिकाणी येत होते.

वहीत लिहिलं. वेळ, अंश, आकाश स्वच्छ,
निरीक्षक दोन.
मागितल्याचं सांगितलं नाही. अजूनही नाही.

प्रबंधात एकसष्ट नोंदी आल्या.
मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं, "हे 'ना' कोण?"
आमच्या घरचेच, म्हटलं. धाग्यातले आहेत.

ऑर्डरीत चाळीस टॉवेल कमी पडले.
तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.
घरच्या प्रतीत मी समासात लिहून ठेवलाय आकडा,
पेन्सिलीने,
तेलुगूत.