वीस वेळा

भिशी लागली ऐन श्रावणात, बेचाळीस हजार.
जावेला वाटलं, पाटल्या करीन.
मी पोवई नाक्यामागच्या बोळात
मुनीर आतारच्या दुकानात जाऊन बसले,
टांगलेल्या चाकांखाली, प्लास्टिकच्या स्टुलावर.

कितीनं पळवायची, हे त्यानं विचारलंच नाही.
"राहता कुठं? जाणार कुठं?"
मंगळवार पेठ, म्हटलं. मनात यवतेश्वरचा घाट.
"मग चढाचं तुमचं तुम्ही बघाल, ताई.
दम लागला तर उतराल, ढकलाल, कोण हसतंय.
उताराचं बोला."

भाजीवाली वाटे लावते तसे
पेपरावर त्यानं दोन ब्रेक मांडले.
एक रिमचा: हलका, चिमट्यासारखा,
चाकाची कड दोन रबरी ओठांत धरणारा.
दुसरा डिस्कचा: आसाजवळ भोकाभोकांची पातळ चकती,
केबल ओढली की तिला आवळणारा.
तेलावरचे त्यानं काढलेच नाहीत.
मी पर्स कशी धरलीय, त्यावरून
आकडा कळला असावा त्याला.

"वहिनी, गिअर बघा गिअर," धाकटे दीर म्हणाले,
"ब्रेक काय, सगळ्यांनाच असतात."
त्यांची सायकल अकरा गिअरची.
गॅलरीत आहे. टॉवेल चांगले वाळतात तिच्यावर.

रविवारी मुनीरनं भाच्याची जुनी सायकल दिली, रिमवाली:
"एकदा जाऊन या. मग ठरवा."
चढताना जीभ बाहेर आली, ते सोडा.
उतरताना भुरभुर, धुकं,
आणि तिसऱ्या वळणावर फोटोसाठी थांबलेली एक गाडी,
तिचं दार उघडतंय.
मी दोन्ही मुठी आवळल्या.
रबरानं आधी पाणी पुसलं,
मग विचार केला,
मग धरलं.
तेवढ्यात मी बरंच पाहून घेतलं:
दारातून निघालेला पाय, पिवळी चप्पल,
कठड्यावरचं शेवाळ,
आणि घरी डाळ भिजत घालायची राहिली, हेही.

पिवळी चप्पल म्हणाली, "सॉरी हं, आंटी."

कोषागारात सोळा वर्षं दुसऱ्यांची बिलं तपासलीत,
सोमवारी जेवणाच्या सुट्टीत माझं तपासलं.
गिअर मागं आठच. पुरे.
पण सगळ्यात मोठं चक्र चौतीस दातांचं,
घाटात माझ्या गुडघ्यांशी नीट बोलेल असं.
कार्बनचा फोर्क: नामंजूर.
हलकी चाकं: नामंजूर, पुढच्या भिशीला बघू.
टायर अठ्ठावीसचे, आपल्या रस्त्यांची कीर्ती पाहून.
सीट आहे तीच, कुरकुर सहन करू.
डिस्क ब्रेक: मंजूर.
शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

आणायला गेले तर नवीच अडचण.
बोटं पोचेनात.
लिव्हर कुणा लांब हाताच्या माणसासाठी घडवलेला,
मी टोकानं नुसती गुदगुल्या करत होते त्याला.
मुनीरनं बारीक पाना घेतला,
अर्धा फेरा. "आता?" नाही.
अजून अर्धा. "आता?"
लिव्हर माझ्याकडे सरकत आला,
पहिल्या पेऱ्यात बसला.
आजवर घेतलेल्या चपला, गॉगल, हेल्मेट,
ऑफिसची खुर्चीसुद्धा,
कुणी अशी माझ्या मापाला आणली नव्हती.
मी काही बोलले नाही.
तोही कपड्याला हात पुसत राहिला.

"लगेच घाटात जाऊ नका," म्हणाला.
"नव्या ब्रेकला आधी घास लागतो.
साध्या उतारावर वीस वेळा वेग घ्या,
वीस वेळा आवळा. मग तो धरायला लागतो."

म्हणून आज सकाळी चार भिंतीच्या रस्त्यावर
मी वेग घेतेय आणि थांबतेय,
वेग घेतेय आणि थांबतेय,
पुढं कुणी नसताना.
फिरायला आलेले मफलरवाले गृहस्थ
दोनदा बघून तिसऱ्यांदा विचारतात,
"बिघडली का हो?"
"नाही, नवी आहे."
त्यांना पटत नाही. कट्ट्यावर बसून ते मोजू लागतात.

नवव्यांदा किंचाळला.
तेराव्यांदा नुसता खरखरला.
सोळाव्यांदा दोन बोटं पुरली.
"सतरा," कट्ट्यावरून आवाज येतो.
खाली सातारा अर्धा धुक्यात,
मी सायकल वळवून पुन्हा वर ढकलत नेते.