पावाचा हिशेब

वाल्पारायसोच्या एका टेकडीवर
मी पाळणा चालवतो, एकोणीस वर्षं झाली.
एक डबा चढतो तेव्हा दुसरा उतरतो.
ऐंशी सेकंद.
आणि ऐंशी सेकंदांत काय काय बघून होतं
ते मला विचारा:
एक भांडण, दोन लग्नं, कुणाच्या तरी कुत्र्याचा वाढदिवस,
सांतियागोतली अनोळखी बाई कांदा कसा चिरते ते.
समोरचा समुद्र तेवढा राहून जायचा.

खालून घंटा येते.
दोनदा वाजली की माणसं,
तीनदा म्हणजे सामान आहे, बेताने घे.
गेल्या जुलैतल्या थंडीत ती तीनदा वाजली,
परत तीनदा,
मग नुसतीच वाजत राहिली,
आणि मी वर, मान खाली, अंगठा चालू.
खाली वाऱ्यात गॅसचं सिलिंडर धरून
म्हातारी ओर्तेन्सिया उभी.
वर आल्यावर चकार शब्द बोलली नाही.
भाड्याची नाणी हातात न देता
फोनच्या काचेवर मांडत गेली, एकेक करून,
आत हसणारं पोरगं झाकलं जाईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी फोन नेऊन दिला
खालच्या स्टेशनाला लागून असलेल्या बेकरीत.
तेओलिंदाने तो बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकला.
म्हणाली, "बघायचाय? ये, बघ पाच मिनिटं.
पण दर खेपेला एक पाव घ्यायचा.
माझ्या दुकानात फुकट काही नाही."

पहिल्या दिवशी अकरा पाव.
दुसऱ्या दिवशी तेरा, कारण रविवार होता.
ग्रिसेल्दाने पाव भिजवले, भाजले, कुस्करले,
शेजारी वाटले, शेजारी दार उघडेनासे झाले.
गच्चीवरचे कुरव इतके माजले
की वाळत घातलेल्या चादरीवरून हलेनात.
बायको म्हणाली, "दारू प्यायला असतास
तर निदान बाटल्या विकता आल्या असत्या."

खिसा रिकामा, तरी मांडीवर थरथर व्हायची,
तुटलेल्या पालीच्या शेपटीसारखी.
हात जायचा, रिकामा यायचा.
खोटं कशाला बोलू, कंटाळाच आला.
समुद्र दर वेळी तोच.
बोटी आपल्या जागी, गोदीतली क्रेन आपल्या जागी.
त्या कंटाळ्यातच एकदा ऐकू आलं,
त्रेचाळिसाव्या सेकंदाला एक चाक कुरकुरतं.
कधीपासून, देव जाणे.
ओर्तेन्सियाला विचारलं, तर म्हणाली,
"तुझी थोरली शाळेत जायला लागली तेव्हापासून."
थोरली आता नोकरी करते.
तेल घातलं.
आता त्या जागी काहीच वाजत नाही
आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

नऊ पाव. सहा. मध्येच एकदा चौदा,
त्या दिवसाबद्दल बोलायचं नाही.
मग चार. मग दोन.
मग मी खिडकीतूनच विचारायचो, "वाजला का?"
तेओलिंदा पिठाचा हात हलवायची: नाही.
मी तसाच वर.

काल संध्याकाळी ग्रिसेल्दाने चहा ओतला,
बशी पुढे केली, आणि बशी रिकामी.
"घरात पाव नाही?"
दोघंही बघत बसलो त्या बशीकडे.

खाली गेलो. चार पाव मागितले.
तेओलिंदाने डबा उघडून फोन पुढे सरकवला.
चार्जिंगच्या भोकात पीठ,
काच काळी.
"मंगळवारपासून बंदच आहे," ती म्हणाली,
"चार्जर मी मुद्दाम लावला नाही."
शिव्या द्याव्यात की आभार मानावेत, कळेना.
मी पावाचे पैसे दिले. सुटे नव्हते,
उरलेले तिने लिहून ठेवले.
फोन डब्यातच राहिला. आज तरी.

रात्री ग्रिसेल्दाने मला हलवून उठवलं.
झोपेत माझा अंगठा
तिच्या उघड्या खांद्यावर फिरत होता,
खालून वर, खालून वर.
"संपलं का," ती म्हणाली,
"की अजून पुढे काही आहे?"