माती चालणार नाही

पर्थहून पत्र आलं :
गाडी चालेल. माती चालणार नाही.
चमचाभरसुद्धा नाही.
चाकांच्या कमानीत, सीटखालच्या रुळांत, वायपरच्या काखेत
कण सापडला तर धुण्याचा खर्च मालकाचा,
नाहीतर आल्या बोटीने परत.

मालक : वृंदा फळदेसाई. मुक्काम कुडचडे.
हुद्दा : भूशास्त्रज्ञ.
वाहन : माझदा, हिरवी, सत्त्याण्णवची,
दोन सीटांची, छत मागे दुमडणारी.

आसगावच्या एका जर्मनाने जाताना विकलेली.
तोही नोकरीसाठीच गेला.
म्हणाला, हिला कशाला न्यायची?
परदेशी असायची तिला इथे सवय झाली आहे.
मला ते तेव्हा विनोदाने म्हटल्यासारखं वाटलं होतं.

कायतानने गाडी वर उचलली
आणि बराच वेळ खाली उभा राहून बघत राहिला.
"बाय, ही गाडी न्हय गो, दोंगर."
मग टूथब्रश, सायकलची तार, हवेचा पाइप,
त्याच्या बायकोची भुवया कोरायची कात्री.
तीन दिवस गॅरेजच्या गटारातून लाल पाणी गेलं.
चौथ्या दिवशी थोडं गुलाबी.

या पाण्याला मी ओळखते.
आमच्या दोरीवर पांढरं काही वाळत नसे,
आईने पांढरं घेणंच सोडलं होतं.
शाळेत पाटी पुसली की फडकं लाल.
आबांचे दोन टिपर पहाटे चारला निघत
आणि आम्ही त्या आवाजावर कूस बदलत असू.

किती वर्षं डोंगर गेले इथून.
बार्जांतून जुवारीवरून, मुरगावला,
तिथून जपान, तिथून चीन.
काहींच्या कागदांवर माझीच सही आहे, ग्रेड अठ्ठावन्न.
त्यांतल्या एकालाही कोणी विचारलं नाही,
पाय धुतलेस का?

भाडं, विमा, तिथला कर, तपासणी :
हा आकडा मी आबांना सांगितलेला नाही.
तेवढ्यात टिपर येईल म्हणतील.
टिपर तर आहेतच, दोन्ही, जांभळाखाली,
टायर काढलेले.
एकाच्या केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते
आणि आबा ती रोज स्वतः काढतात,
दार उघडून, पायरीवर चढून, ड्रायव्हरच्या बाजूने.

मी जाते आहे तिथेही माती लालच.
नकाशात वरून पाहिली :
सांगे, केपे, रिवण, सगळं तसंच,
फक्त घरं पुसून काढल्यासारखी.
खाण मात्र चालू आहे.
एवढाच फरक, आणि तेवढ्यासाठीच तर चालले आहे.

शेवटी सीटच्या रुळातून कायतानने
चिमट्याने एक काजूची बी काढली.
कुठल्या मेमधली, कोणाच्या खिशातली, ठाऊक नाही.
यादीत बी मातीच्याही वर आहे, ठळक अक्षरात.
त्याने ती पॅन्टला पुसली, खिशात टाकली.
"ही उरूं दी हांगा."
पैसे मात्र पुरते मोजून घेतले.

वास्कोला टाकीत चार लिटर ठेवून,
बॅटरीच्या तारा सोडवून,
चार पट्ट्यांनी बांधली तिला लोखंडी खोलीत.
दार लावताना आत इतकी स्वच्छ दिसली
की कोणाचीही वाटली असती.
सीलचा नंबर मी तळहातावर लिहिला,
कागद असूनही.

परत कदंबाने.
वेर्ण्याच्या चढाला ड्रायव्हरने गिअर बदलायला
जरा उशीर केला
आणि माझा डावा हात मांडीवरून उठून
शेजारच्या बाईच्या पिशवीवर आपटला.
पिशवीत बांगडे होते.
सॉरी म्हटलं. ती म्हणाली, झोंप लागली आसतली.
मी हो म्हटलं.
नखांत अजून लाल होतं.
माणसांच्या नखांबद्दल
त्या पत्रात काही लिहिलेलं नाही.