सेकंड माल

सत्तय्या गड्डम, वय बेचाळीस,
लढती एकशे तीन, जिंकलेल्या अकरा,
बरोबरीत सहा, त्यातली एक, तो म्हणतो, चोरीची.
उरलेल्या शहाऐंशी मी मोजल्यात
कोपऱ्यात बादली घेऊन उभा राहून.

कोपऱ्यातल्या माणसाला बॉक्सिंगमध्ये सेकंड म्हणतात.
आमच्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
सेकंड म्हणजे धागा तुटलेला, काठ वाकडा गेलेला टॉवेल,
जो डझनावर नाही, किलोवर जातो.
हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला,
ओठाला दोन टाके असताना.

फोन माझ्याकडे येतो, बुधवारी. शनिवारी लढत.
कुणाचा तरी पोरगा असतो, चारपैकी चार जिंकलेला,
त्याला पाचवी पाहिजे असते.
कधी लातूर, कधी हैदराबाद,
कधी गुलबर्ग्याचं मंगल कार्यालय,
रिंगच्या मागं कालच्या लग्नाचं थर्माकोल तसंच.
सत्तय्या दोनच गोष्टी विचारतो:
पोरगं डावरं आहे का,
आणि गाडीभाडं वेगळं, का त्यातच.

हरायला त्याला कुणी सांगत नाही.
एकदाच एकानं पाकीट पुढं केलं होतं.
सत्तय्यानं ते परत केलं,
आणि तसाही हरला, गुणांवर.
परतीच्या जनरल डब्यात, कुर्डुवाडीच्या अलीकडं, म्हणाला,
घ्यायला पाहिजे होतं का रे?

तिसऱ्या राऊंडला पोरगं दमतं, हनुवटी उघडी टाकतं.
सत्तय्या तिथं टिचकीएवढा जॅब ठेवतो,
शेजाऱ्याची कडी वाजवावी तसा:
दार उघडं राहिलंय तुमचं.
पोरगं दचकतं, हात वर घेतं.
पंच काही लिहीत नाहीत.

फुटू द्यायचं नाही, हा त्याचा नियम.
भुवई फुटली की महिनाभर बंदी,
आणि महिनाभर घर नागमणीच्या विड्यांवर.
रविवारी पहाटे आम्ही पोचतो तेव्हा
ती सूप मांडीवर घेऊन बसलेली असते,
मान वर न करता विचारते, सगळे राऊंड?
सगळे, तो म्हणतो.
कोण जिंकलं हे तिनं कधीच विचारलेलं नाही.

एका पत्रकारानं लिहिलं होतं,
हा बॉक्सर धोट्यासारखा, दोन्हीकडून मार खात कापड विणणारा.
सत्तय्यानं ते कात्रण जपलंय.
पण आमच्याकडं रेपियर माग येऊन सात वर्षं झाली,
धोटा आता फक्त मालकाच्या शोकेसमध्ये.

टॉवेल माझ्या खांद्यावर असतो.
सेकंडमधलाच, एका कडेला चार बोटं फुलं उमटलेली नाहीत.
तो फेकायचा हक्क माझा.
एकशे तीन लढतींत फेकला नाही.

गेल्या मार्चात करीमनगरला, पाचव्या राऊंडमध्ये,
डावीकडून आलेला ठोसा त्याला दिसला नाही.
चुकवता आला नाही असं म्हणत नाही मी.
दिसला नाही. पापणीसुद्धा हलली नाही.
माझा हात टॉवेलवर गेला.
ते मात्र त्यानं बघितलं,
दोरांवर रेलून, दातांतल्या रबरामागून:
पोनी.
राहू दे. आमच्या आयांच्या भाषेत.
मी राहू दिलं.

नंतर पोरगं फोटो काढायला आलं, काका काका करत.
सत्तय्या हसला, कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडं बघून.

काल बुधवार.
दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला,
छपराचा पत्रा तापून कडकड बोलत होता,
सत्तय्या समोर बसून
कडक भाकरी आमटीत मोडत होता.
मी म्हणालो, नाही जमणार, भुवई फुटलीय.
पलीकडून विचारलं, कुठली?
डावी, मी म्हणालो.

त्यानं घास तोंडात घातला.
धड भुवईवरचा घाम मनगटानं पुसला.
कुणाचा होता?
राँग नंबर.
बराच वेळ तो चावत राहिला.
मग ताटाकडं बघतच म्हणाला,
डावरा होता का?